पाचपोर पाण्याखाली

साडेसात लाखांच्या शहरात पन्नास माणसं आजारी आहेत. सहलीला अजून पंधरा दिवस आहेत. तर सहल रद्द करायची की नाही?

२०४७ सालच्या दिवाळीच्या तोंडावर अकोल्यातल्या पाचपोरांच्या घरात हा प्रश्न उभा राहिला. निहाराच्या बाबांनी, म्हणजे श्रीरंग पाचपोरांनी, तो पुरता ऐकून न घेताच उत्तर देऊन टाकलं.

"मुळीच नाही! साडेसात लाखांत पन्नास! म्हणजे पंधरा हजारांत एक. त्या एकाला टाळलं की झालं!"

"पण तो एक ओळखायचा कसा?" अकरा वर्षांच्या निहारानं विचारलं.

"उचक्यांवरून," बाबा म्हणाले.

त्या साथीचं नावच उचकीताप होतं. दोन दिवस ताप आणि पुढे नऊ दिवस उचक्या. लहान मुलांना त्याचं फारसं काही वाटत नसे. निहाराच्या वर्गातला एक मुलगा तर उचक्यांच्या ठेक्यावर पाढे म्हणायचा. पण म्हाताऱ्या माणसांच्या छातीत तो ताप उतरला की श्वास घेणं कठीण होत असे.

सहलही साधीसुधी नव्हती. मालवणजवळ समुद्राच्या तळाशी काचेचं एक अतिथीगृह नुकतंच सुरू झालं होतं. तिथं सात दिवस राहायचं आणि चारी बाजूंनी मासे पाहायचे. चार गावांतले चौदा पाचपोर निघणार होते. बाबांनी चौदा नारिंगी टी-शर्ट छापून घेतले होते आणि त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाचपोर पाण्याखाली'.

"हे वाचून लोक सांत्वनाला येतील," आई म्हणाली होती.

बेत मुळात ठरला होता ताईआजीसाठी. ताईआजी म्हणजे निहाराच्या आजोबांची थोरली बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, राहायला यवतमाळला, एक फुप्फुस जुन्या आजारानं अधू झालेलं. तिनं आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

निहारा आजोबांकडे गेली. आबा साथरोगतज्ज्ञ (साथी कशा पसरतात आणि कशा थांबवाव्यात याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ) होते. सात वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. निहारा खोलीत शिरली तेव्हा ते आरशासमोर उभे होते आणि डोक्यावर पोहण्याची निळी टोपी चढवत होते.

"आबा, तिथं पोहायचं नाहीये. काचेच्या आत बसायचंय."

"असू दे. तयारी असलेली बरी."

"सहलीला जायचं का आपण?"

"निवृत्त माणसाला साथीचे प्रश्न विचारू नयेत," आबा घाईघाईनं म्हणाले. खरं तर घरात सर्वांत जास्त उत्सुक तेच होते.

निहारानं वही पुढे केली. रोज बातम्यांत ऐकलेले आकडे तिनं त्यात लिहून ठेवले होते. सहा दिवसांपूर्वी बारा रोगी. तीन दिवसांपूर्वी पंचवीस. आज पन्नास.

"दर तीन दिवसांनी दुप्पट होतायत," ती म्हणाली. "मी पुढे मांडून पाहिलं. तीन दिवसांनी शंभर, सहा दिवसांनी दोनशे, मग चारशे, मग आठशे. आणि पंधराव्या दिवशी, आपली गाडी सुटते त्या दिवशी, सोळाशे. चुकलंय का माझं?"

आबांनी वही हातात घेतली. आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"नाही चुकलं," ते म्हणाले. "मीच चार दिवस हे गणित करायचं टाळत होतो. मला जायचं होतं ना, म्हणून."

"मग बाबांना सांगू या."

"सांगून नाही पटायचं. आकड्यांशी तुझा बाप वाद घालतो. त्याला दाखवावं लागेल." आबांनी कपाटातून एक जुनी डबी काढली. "ही पूड बघ. साध्या उजेडात दिसत नाही. जांभळ्या दिव्याखाली मात्र काजव्यासारखी चमकते. प्रयोगशाळेत नव्या मुलांना हात धुवायला शिकवताना वापरायचो. अंगाला अपाय नाही, साबणानं निघून जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहलीची बैठक होती. मुकुंदकाका, काकू आणि त्यांची तीन मुलं आली. आबांनी उजव्या तळव्याला चिमूटभर पूड चोळली आणि दारातच मुकुंदकाकांशी हात मिळवला. धाकट्या नातवाचा गाल ओढला. नंतर बसून राहिले. बाकी काही केलं नाही.

बैठक जोरात झाली. खिडकीजवळ कोणी झोपायचं यावर भांडण झालं. चिवड्याचा डबा फिरला. घरातला जुना यंत्रमानव डबडू चहा देत फिरला आणि प्रत्येक कपामागे "सावकाश, गरम आहे" असं बजावत राहिला. बाबांनी सर्वांना टी-शर्ट वाटले. आई दवाखान्यातल्या कामावरून दोन तास उशिरा आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

मग आबा उठले, पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला.

काकू किंचाळली. मुकुंदकाकांचा हात कोपरापर्यंत हिरवा चमकत होता. बाबांच्या मिशा चमकत होत्या. चिवड्याचा डबा, कपांचे कान, दाराची कडी, नारिंगी टी-शर्टांची चळत, सगळं चमकत होतं. डबडूच्या पाठीवर पाच बोटांचा पंजा स्पष्ट उमटला होता. आबांनी डबी वर धरली आणि सकाळी आपल्या तळव्याला चोळलेल्या पुडीची गोष्ट सांगितली.

"मला साथ लागली आहे का?" डबडूनं विचारलं. "असल्यास मला रजा मिळेल का?"

"माझ्या चष्म्याला कशी लागली?" आई म्हणाली. "मी तर आबांच्या जवळसुद्धा गेले नाही!"

"तू डबडूच्या हातचा चहा घेतलास," निहारा म्हणाली. "डबडूनं काकांचा कप उचलला होता. काकांनी आबांशी हात मिळवला होता. मग तू चष्मा सारखा केलास!"

"बरोबर," आबा म्हणाले. "आणि ही पूड फक्त हातांवरून जाते. खरा ताप हवेतूनही जातो. म्हणजे तो याहून चलाख."

"पण आबा," बाबा मिशा पुसत म्हणाले, "ज्याला उचक्या लागल्या आहेत त्याला आपण घरी ठेवू ना!"

"श्रीरंग, दिवा लावायच्या आधी तुला तुझ्या मिशा दिसत होत्या का?"

बाबांनी मिशांवरचा हात खाली घेतला.

"प्रत्येक रोगाला एक सुप्तकाळ असतो (रोग शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ). उचकीतापाचा आहे चार दिवसांचा. त्यातले शेवटचे दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, हसतो, बॅग भरतो आणि रोगही वाटत फिरतो. काल मोजलेले पन्नास जण निदान चार दिवस आधीच सापडले होते तापाच्या तावडीत. त्यानंतर ज्यांना लागण झाली ते अजून मोजलेच गेले नाहीत. कदाचित ते आत्ता चिवडा खात असतील."

मुकुंदकाकांनी तोंडाजवळ नेलेली चिवड्याची मूठ परत डब्यात टाकली. काकूनं डबाच बाजूला ठेवला.

"आता असं चौदा जणांचं टोळकं घ्या," आबा म्हणाले. "सात दिवस बंद काचेत, तीच हवा फिरवून फिरवून घेत. आणि मधल्या खाटेवर ताई."

बाबांनी एक टी-शर्ट उलगडला आणि परत त्याची घडी घातली. शेवटी बाबा हळूच म्हणाले, "पण तिचं वय चौऱ्याऐंशी आहे, आबा. नंतर, नंतर म्हणता म्हणता राहून गेलं तर?"

त्या वेळी निहाराला कळलं की बाबा नुसते हट्टी नव्हते. ते घाबरलेले होते.

"तिलाच विचारू या," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला. भिंतीवर ताईआजीचा चेहरा उमटला. निहारानं पन्नासपासून सोळाशेपर्यंत सगळं सांगितलं. ताईआजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"श्रीरंगा," ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी वर्षं मी समुद्रावाचून काढली. अजून चार महिने काढीन. पण उचक्या देत माशांपुढे बसायची नाही बाबा मी. काय म्हणतील ते!"

सहल पुढे ढकलली गेली. बाबा दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच शेजारच्या तीन घरांत जाऊन आले आणि आपल्या मिशांची गोष्ट सांगून आले. शाळा, लग्नघरं, ट्रेकवाले, सगळ्यांनीच आपापले बेत आवरते घेतले. लोक दारं-खिडक्या उघड्या ठेवून, तोंडाला पट्टी बांधून, अंतरानं भेटू लागले.

पंधरावा दिवस उजाडला. बाबा बातम्या बघता बघता ताडकन उठले.

"सहाशे दहा! फक्त सहाशे दहा! कुठे गेले तुमचे सोळाशे? उगाच घाबरवलंत! आज आपण पाण्याखाली असतो!"

आबा बोलणार, एवढ्यात निहारा म्हणाली, "बाबा, सोळाशे झाले नाहीत, कारण लोक गेले नाहीत."

"म्हणजे?"

"प्रसारांक (एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो तो आकडा) आधी दोनच्या आसपास होता. म्हणून दुप्पट व्हायचे. आपण सगळे थांबलो तसा तो खाली येत गेला. एकाच्याही खाली गेला की एका रोग्यामागे पूर्ण एकसुद्धा नवा रोगी होत नाही. मग साथ आटत जाते. तुम्ही छत्री उघडली म्हणून भिजला नाहीत, आणि आता म्हणताय, छत्री उगाच आणली!"

बाबांनी बातम्या बंद केल्या. "हे आबांनी शिकवलं?"

"छत्री माझी आहे," निहारा म्हणाली.

पुढच्या दोन आठवड्यांत आकडा खरंच उतरू लागला. जानेवारीत लस आली. यवतमाळला ताईआजीनं ती पहिल्याच दिवशी घेतली आणि सुई टोचणाऱ्या यंत्रमानवाला "हळू रे मेल्या" म्हणून सुनावलं.

आणि फेब्रुवारीत चौदा पाचपोर समुद्राच्या तळाशी गेले.

पहिल्या दिवशी ताईआजी काचेला नाक लावून तासभर नुसती बसून होती. बाहेरून चांदीसारख्या माशांचा एक मोठा थवा आला, एकदम वळला आणि निघून गेला. ताईआजीनं डोळे पुसले. मग तिनं विचारलं,

"काय ग निहारा, यांनाही साथी येतात का?"

निहारानं आबांकडे पाहिलं.

"येतात," आबा म्हणाले. "पण एवढं खेटून पोहत असताना सगळ्यांनाच एकदम का लागण होत नाही, आजारी मासा इतरांना ओळखू येतो का, हे मला नाही माहीत."

"मग कोणाला माहीत आहे?"

"याच माशांबद्दल? बहुधा अजून कोणालाच नाही."

निहारानं वहीचं कोरं पान उघडलं आणि काचेजवळ सरकून बसली.

"मोठी झालीस की शोधून काढ हो," ताईआजी म्हणाली.

"मोठी कशाला?" निहारा म्हणाली. "इथं सात दिवस आहेत ना."