मताला न टाकलेलं प्रेम

दक्षिण फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरात पाऊस असा कोसळत होता, की सोलेनची जुनी गाडी वळणावरच चिखलात रुतली. चेस्टनटचं पोतं खांद्यावर घेतलेला एक उंच तरुण झाडाखाली उभा राहून शांतपणे बघत होता.

"जरा धक्का मारा," ती काच खाली करून म्हणाली.

"आमच्या वस्तीत कुणी कुणाला हुकूम सोडत नाही, बाई. विनंती चालते."

"बरं... कृपा करून मारा."

त्यानं धक्का मारला. गाडी निघाली, पण चाकानं त्याच्या तोंडावर चिखल उडवला. सोलेनला वाईट वाटायला हवं होतं — तिला हसू आलं.

त्याचं नाव मातुरँ. वस्तीचा पाव तोच भाजायचा. आणि सोलेन ल्यों शहरात, विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची. अराज्यवाद्यांच्या वस्त्यांचा अभ्यास करत होती. मालक नको, सरकार नको, असं जगणं खरंच जमतं का, हे बघायला ती इथे राहायला आली होती.

थोड्याच दिवसांत तिचं डोकं तापू लागलं. सभेत पुरुष तासन्‌तास स्वातंत्र्यावर बोलत, आणि मागे वस्तीतली नादेज एकटी सगळ्यांची भांडी घासत बसे. वस्तीतली उबेची एकुलती एक शेगडी संस्थापक गोंत्रांच्या खोलीत. पण अभ्यासकानं मध्ये बोलायचं नसतं, म्हणून ती ओठ मिटून बसे, आणि सगळा राग भट्टीपाशी येऊन मातुरँवर काढी. तो पीठ मळता मळता ऐकून घेई.

"सगळ्यांकडे बघून लिहितेस," तो एकदा म्हणाला, "माझ्याकडे बघून कधीच नाही."

"तुझ्यात लिहिण्यासारखं काही नाही."

"मग बघतेस कशाला...?"

पिठाच्या हातानंच त्यानं तिच्या कपाळावरची बट मागे सारली, आणि ती रागवायची विसरली.

दोघं जेवायला शेजारी बसू लागली, तसं गोंत्रांनं सभेत विषय काढला. त्याच्या मते दोघांनीच एकमेकांचं होणं म्हणजे खासगी मालमत्ता. तेव्हा यांनी यापुढे वेगळं बसावं, असा त्याचा ठराव होता. एकेक हात वर गेला. सोलेननं मातुरँकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता.

ती ताडकन उठली. अभ्यास गेला खड्ड्यात.

"प्रेम मालमत्ता, आणि शेगडीची खोली कुणाची, गोंत्रां? नियम नसलेल्या घरात हा नियम केला कुणी? आणि नादेजचे हात भांड्यांत आहेत, तिचं मत मोजलंत का?"

कुणी बोललं नाही. मातुरँसुद्धा. तेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

सकाळी ती गाडीत सामान भरत होती. जेवणघराच्या उघड्या खिडकीतून मातुरँचा आवाज आला, थरथरता, पण स्वच्छ.

"माझं सोलेनवर प्रेम आहे. मत मागत नाहीये, सांगतोय. आणि काल गप्प बसलो, त्याची लाज वाटतेय."

गोंत्रां काहीतरी समजावू लागला. तेवढ्यात ताटांची चळत टेबलावर आदळल्याचा आवाज झाला. नादेज म्हणत होती, आजपासून ज्यानं त्यानं आपलं ताट घासावं.

सोलेन गाडीत चाकामागे बसली, तोच मातुरँ बाहेर आला. तिच्या गाडीपाशी येऊन थांबला, काय करावं न कळल्यासारखा.

"तुझ्यापायी इथला सगळा अभ्यास बुडाला," ती धुसफुसत म्हणाली. "प्रेमात पडलेल्या बाईच्या लिखाणावर विश्वास कोण ठेवणार?"

"मी ठेवीन."

"आणि कालचं तुझं गप्प बसणं मी विसरणार नाहीये."

"नको विसरूस."

तिचे डोळे अजून रागानंच भरलेले होते. तरी ती वाकली, आणि शेजारच्या सीटचं दार तिनं आतून उघडलं.