माणूस पडला की थांबणारं इंजिन

मेस्त्रीने इंजिन दुरुस्त केलं. ते पुन्हा कधीही बंद पडलं नाही.

ही दोन वाक्यं तुम्ही वाचलीच नाहीत असं समजा. कारण त्या दिवशी, दुपारी सव्वातीनला, खाडीच्या मधोमध इंजिन बंद पडलेलं होतं आणि का, ते कोणालाच कळत नव्हतं. घटना शंभर टक्के खरी आहे. अशा गोष्टी रात्रीच घडाव्यात असा ज्यांचा आग्रह असेल, त्यांनी तक्रार भुताकडे करावी.

बोट भावोजींची. आठ प्रवाशांची, मागे टांगलेलं पेट्रोल इंजिन. मेस्त्री त्यांच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी तपासणी होती. इंजिन असंच मध्येच थांबलं तर परवाना गेला. ताईने धक्क्यावरच बजावलं होतं, दुरुस्त झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

बोट धक्क्याला बांधलेली असली की इंजिन शहाण्यासारखं चालायचं. म्हणून दोघे आत पाण्यात आले होते. फिल्टर स्वच्छ. टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं. प्लग नवे. भावोजी दर वेळी म्हणत, पाणी गेलं असेल. त्यांचं सगळ्या दुखण्यांवर हेच निदान असायचं, ताईच्या गुडघ्यावरही.

उरली लाल दोरी.

तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं स्विचला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन थांबतं. बोट त्याला टाकून जात नाही.

मेस्त्रीने स्विचच्या वायरला मीटर लावलं. दहा मिनिटं इंजिन चाललं. मग बंद.

काटा हलला होता. स्विचच्या मते चालवणारा... पाण्यात पडला होता.

भावोजी जागेवर होते. दोरी मनगटाला होती.

तेवढ्यात बोटीची मागची उजवी कड... खाली गेली. हळूच. कोणीतरी दोन्ही हात टेकून वर यायला बघतंय, तशी.

भावोजींनी घाईघाईने इंजिन सुरू केलं. कड वर आली.

लाट असेल, ते म्हणाले. पाणी ताटासारखं सपाट होतं.

मेस्त्रीने त्या कडेकडे न बघता जाहीर केलं की स्विच खराब आहे. वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली. आता कोणी पडलं तरी इंजिनला पत्ता लागणार नव्हता.

वीस मिनिटं इंजिन मस्त चाललं. भावोजींनी बोट धक्क्याकडे वळवली. ताई दिसत होती, उन्हात छत्री धरून उभी.

अर्ध्या तासाने ती तेवढीच दिसत होती.

पाणी मागे सरत होतं. धक्का... जवळ येत नव्हता.

वेग कमी होईना. गिअर हलेना. चावीने इंजिन बंद व्हायचं तेही त्याच वायरवरून, आणि वायर तर काढलेली. शेवटी मेस्त्रीने पेट्रोलची नळीच उपटली. त्यानंतर इंजिन फार तर मिनिटभर चालतं.

सात मिनिटं झाली... चालूच.

"पोहता येतं ना तुला?" भावोजींनी विचारलं.

"येतं. पण मागे आधीच कोणीतरी पोहतंय."

ते दोघांनाही ऐकू येत होतं. इंजिनच्या आवाजाखालून... पाण्यावर पडणारे हात. दमलेले. कायम तेवढ्याच अंतरावर. बघितलं तर पाण्यावर बुडबुडाही नाही.

मेस्त्रीला सगळं समजलं, आणि समजलं नसतं तर बरं, असं वाटलं. वायर जोडली की इंजिन थांबणार. थांबलं की तो येणार. नाही जोडली तर ताई छत्री धरून उभी राहणार आणि हे दोघे तिच्याकडे येतच राहणार.

"जोड," भावोजी म्हणाले. "आपण पडलो असतो, तर कोणीतरी थांबायला हवंच होतं ना."

मेस्त्रीने टेप सोडवली. वायर टेकली... इंजिन गप्प.

मागची कड खाली गेली. या वेळी कोणी घाई केली नाही. कड बराच वेळ खालीच राहिली. मग बोट सावकाश सरळ झाली... आणि चार बोटं खोल बसली. मधल्या फळीवर ओल पसरली. एका माणसापुरती.

नळी लावल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धक्का पाच मिनिटांत आला. काय झालं होतं, ताईने विचारलं. पाणी गेलं होतं, भावोजी म्हणाले.

दोघे उतरले. बोट वर आली नाही.

तपासणीत इंजिन उत्तम ठरलं. साहेबांनी नांगर, जॅकेटं, डबे, सगळं बाहेर काढायला लावलं आणि शेरा लिहिला: रिकाम्या बोटीत वजन आढळते, यापुढे आठऐवजी सात प्रवासी.

परवाना वाचला. भावोजी रोज बोट चालवतात, मागे वळून न बघता. मेस्त्री तिच्यात पाय ठेवत नाही. पण परवाना कार्यालयाला अर्ज त्यानेच लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. अर्जाचा शेवट असा:

"तरी कार्यालयातील एका जबाबदार अधिकाऱ्याने सदर बोटीच्या मधल्या फळीवर स्वतः बसून खात्री करावी व तेथे दुसरे कोणीही बसलेले नाही, असा सही-शिक्क्याचा दाखला द्यावा, ही नम्र विनंती."