श्रद्धांजलीची पट्टी

२००७च्या एप्रिलमध्ये माझा मावसभाऊ दिगंबर न्यू जर्सीत वारला.

छे, वारला कुठे? धडधाकट आहे. तो विषयच नको. बाकी खाली सांगतोय त्यातला शब्द न् शब्द मात्र खरा.

तिथल्याच आयसेलिन गावात एका गोडाऊनच्या माडीवर देसी तरुणांसाठी गाण्यांचं चॅनेल निघालं होतं. उद्घाटनाला ढोलताशे. वर्षभरात प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. दिगंबरचं काम म्हणजे गाणी लावायची आणि खालच्या सरकत्या पट्टीवर लोकांच्या फर्माइशी टाकायच्या.

फर्माइशी येतच नव्हत्या.

बॉस शैला. तिथलीच जन्मलेली. तिनं सरळ सांगितलं, "मार्चपर्यंत ऑडियन्स दाखव, दिगंबर. नाहीतर चॅनेल क्लोज, तुझा व्हिसापण क्लोज. तुझं नागपूर एप्रिलमध्ये हॉट असतं ना?"

दिगंबरनं महाराष्ट्र मंडळाची सभासद-यादी काढली आणि एकेकाच्या नावानं खोट्या फर्माइशी टाकायला लागला. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

नोव्हेंबरअखेरचा, थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. भर दुपार. कंटाळून त्यानं टाइप केलं, 'पुढचं गाणं कै. त्र्यंबक काका, आयसेलिन, यांच्या स्मरणार्थ.'

काका ठणठणीत होते. सकाळीच देसी दुकानात भेंड्या मोडून बघताना भेटले होते.

गाणं सुरू झालं...

आणि आवाज गेला.

पडद्यावर गायिका तोंड हलवतेय. आवाज नाही. आणि मग... कुणीतरी खोकलं.

खोलीत दिगंबर एकटाच होता.

फोन वाजला. त्या आठवड्यातला पहिला. त्र्यंबक काकांच्या सरला काकू.

"अरे दिगंबर, हे आत्ता गेले रे... सोफ्यावर बसल्या बसल्या. तुला आमच्याआधी कसं कळलं?"

मग चाळीस फोन आले.

दिगंबरनं शैलाला सगळं कबूल केलं. ती गंभीर झाली.

"सो सॅड, यार." मग म्हणाली, "पण फोर्टी कॉल्स! नेक्स्ट संडेला कोण?"

व्हिसाचे कागद शुक्रवारी जायचे होते. दिगंबर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी यादी उघडली. सत्तरीच्या पुढचेच निवडायचे, असं ठरवलं. माणुसकी आहे त्याच्यात.

दर रविवारी आवाज जायचा... खोकला यायचा... फोन वाजायचा.

मंडळाच्या संक्रांतीला सात खुर्च्या रिकाम्या. तिळगूळ उरला.

पण प्रेक्षक वाढले! दर रविवारी घरोघरी लोक टीव्हीला चिकटून बसायचे. आपलं नाव नाही ना, एवढंच बघायला.

मार्चअखेर हेड ऑफिसनं चॅनेल बंद केलं. कारण दिलं... प्रेक्षकांत तरुण फार कमी.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी शैलानं स्वतः मेन स्विच पाडला. "गुड जॉब, दिगंबर," म्हणाली आणि घरी गेली.

सगळे पडदे काळे झाले.

एक सोडून.

त्यावर पट्टी सरकत होती... कुणी टाइप न करता.

'कै. दिगंबर, आयसेलिन, यांच्या स्मरणार्थ. फर्माइश: त्र्यंबक काका आणि मंडळी.'

तो ओरडला. तोंड हललं...

आवाज आला नाही.

तेव्हापासून तो बोलत नाही. लिहितो. बंद पडलेल्या त्या ऑफिसला दर आठवड्याला हाच अर्ज टाकतो. पाकीट परत येतं. मी त्याची प्रत वाचलीय, आणि तेव्हापासून टीव्हीची खालची कड कागदानं झाकून ठेवलीय.

'मा. कार्यक्रम व्यवस्थापक यांस,
विषय: अर्जदार हयात असल्याबाबत.
महोदय, उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, अर्जदार अद्याप जिवंत असून पुरावा म्हणून ताजा फोटो जोडला आहे. तरी सदर श्रद्धांजली रद्द करून तसा खुलासा रविवारी दुपारी, त्याच पट्टीवर, प्रसारित करावा, ही नम्र विनंती.'