चौदा जर्सी आणि एक खळी

मिरजगावच्या हायवेवरच्या प्रिंटिंगच्या दुकानात तो शिरला तो थेट पंख्याखालीच! चोवीस-पंचवीसचा, अंगाला मैदानाची माती, काखेत चौदा कोऱ्या जर्सी. दुकान चालवणाऱ्या दिपालीनं कॉम्प्युटरवरून मान वर केली न केली तोच म्हणाला, "ते अक्षर पायजे. टोकदारवालं."

"कुठलं टोकदारवालं?"

त्यानं मोबाईल पुढं केला. जुन्या इंग्रजी पोथ्यांतलं गॉथिक अक्षर! उसाच्या कांड्यांसारख्या जाड, खेटून उभ्या रेघा आणि प्रत्येक टोक कोयत्यानं तिरकं छाटल्यासारखं... दिपालीचं हे सगळ्यात लाडकं अक्षर, आणि आजवर एका गिऱ्हाईकानं मागितलं असेल तर शपथ!

"नाव काय तुमचं?"

"गोरक्षनाथ. खर्ड्याच्या कबड्डी टीमचा कॅप्टन." मग जरा हळू, "गोरक्ष म्हनलं तरी चालंल."

"हे बघा कॅप्टन, हे अक्षर एखाद्याच मोठ्या शब्दाला शोभतं. छातीवर इंग्रजीत खर्डा टाकू. पहिलं अक्षर तेवढं कॅपिटल. सगळीच कॅपिटल घेतली तर नुसतं कुंपण दिसेल."

"आन् मागचे नंबर?"

"ते साधेच. लांबून वाचता आले पाहिजेत."

"न्हाई वो! नंबर पन तसलेच करा की. लई भारी दिसत्याल..."

आणि तो हसला. डाव्या गालावर खळी. झालं! एवढी हुशार दिपाली, पण तिनं चौदाच्या चौदा नंबर गॉथिकमध्ये छापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. "मॅडम, पंच म्हनत्यात नंबर वाचता येत न्हाईत. अर्ध्या तासात बदला, न्हाईतर टीम बाद."

आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. तिनं मशीनवर इस्त्रीनं चिकटणारे साधे, ठसठशीत आकडे आणि काळे चौकोन कापले, इस्त्री उचलली आणि दुकानामागच्या स्पर्धेच्या मैदानावर पळत सुटली. सगळी टीम टॉवेल गुंडाळून ओळीनं बसलेली! मंडपातल्या टेबलावर गोरक्ष जर्सी ताणून धरायचा, ती जुन्या नंबरावर काळा चौकोन आणि त्यावर पांढरा आकडा चिकटवायची.

"चूक माझी आहे," ती मान खाली घालून म्हणाली. "मला कळत होतं, तरी छापले."

"मग का छापले?"

"तुम्ही... हसलात म्हणून."

तो बघतच राहिला.

"अवो, इस्त्री! जळंल की!" ओळीतला एक जण ओरडला.

पंच वीस पावलं मागं गेले. डोळे बारीक केले. "चार... नऊ... अकरा..." चौदावा आकडा वाचून त्यांनी हात हलवला. "घ्या खेळायला!"

हुश्श! तिला एकदम हसू फुटलं, डोळ्यांत पाणीही आलं.

"जा ना आता, शिट्टी झाली," ती म्हणाली.

"जातो. पन उद्यापासनं रोज एक जर्सी छापायला आनली तर... चालंल?"

"रोज जर्सी कशाला?" ती लाजून म्हणाली. "नुसतंच या."

कॅप्टन इतके हरखले, इतके हरखले... की धावत जाऊन समोरच्या टीमच्या अंगणात उभे राहिले!