ओठांवरची निळी खूण

बंद दारातून आजार आत शिरला कसा, हे कोडं त्या आठवड्यात आमच्या वस्तीत कुणालाच सुटत नव्हतं.

आमची वस्ती समुद्राच्या तळाशी आहे. देवगडच्या किनाऱ्यापासून बरीच आत, पंधरा काचेचे घुमट आणि त्यांना जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या. माणसं दोनशे बारा. इथे भर दुपारीही उजेड हिरवट आणि मंद असतो. वरून आलेले पाहुणे आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. आम्ही त्यांना हसायचो, पण मळभताप आला आणि आमचेही आवाज खाली गेले. या तापात आधी घसा खवखवतो, मग छातीत पाणी भरतं. नळ्या ओस पडल्या. दारांमागून फक्त खोकल्याचे आवाज यायचे.

शेवटच्या घुमटात तात्या माईणकर राहायचे. ते वस्तीचे जंतुशास्त्रज्ञ. ते माझे सख्खे आजोबा नव्हेत, पण मला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं होतं. शरीराने ते परकं समजून झिडकारू नये म्हणून त्यांना रोज एक गोळी घ्यावी लागे, आणि त्या गोळीने अंगातले सगळे पहारेकरी पेंगत राहत. त्यामुळे लस टोचूनही त्यांना तिचा उपयोग नव्हता. म्हणून अकरा आठवडे ते दार लावून एकटे बसले होते. जेवणाचा डबासुद्धा भिंतीतल्या खिडकीतून, वाफेने धुऊनच आत जायचा.

आणि तरी गुरुवारी त्यांना ताप भरला.

शुक्रवारी सकाळी खेकडा बाहेर काढला. खेकडा म्हणजे सहा पायांचा यंत्रमानव. तो एक रंग फवारतो. हा रंग फक्त मळभतापाच्या जंतूला चिकटतो आणि जांभळ्या दिव्याखाली निळा चमकतो. नळीतले दिवे मालवून खेकड्याचा जांभळा दिवा लावला. तात्यांच्या दारावर काही नाही, डब्यावर काही नाही. मग खेकड्याने तात्यांनी खिडकीतून बाहेर ठेवलेली श्वासटाकी तपासली. घुमट फुटला तर श्वास घेता यावा म्हणून प्रत्येकाकडे हवेची एक टाकी असते. तिच्या नळीचं तोंड काळोखात निळं पेटलं.

टाकीवर भरणाऱ्याचं नाव असतं; खेकडा वळला, टक टक करत नळीतून थेट माझ्यासमोर आला आणि त्याने माझ्या तोंडावर रंग फवारला. आईने मला मागे ओढलं. पण समोरच्या काचेत मी पाहिलं, माझे ओठ निळे चमकत होते.

मला ताप नव्हता, खोकला नव्हता. मी लसही घेतली होती. मी ओठ पुसपुस पुसले, तरी काचेतली ती निळी मुलगी तशीच माझ्याकडे बघत राहिली. इतकी भीती मला समुद्राचीही कधी वाटली नव्हती.

"केतकी," भिंतीतल्या ध्वनियंत्रातून तात्यांचा आवाज आला. प्रत्येक शब्दाआधी त्यांच्या छातीत घरघर होत होती. "टाकी तू भरलीस ना?"

मीच भरली होती. आमच्याकडे नियम आहे, जो टाकी भरेल त्याने पहिला श्वास स्वतः घ्यायचा. हवा खराब असली तर भरणाऱ्याला आधी कळावं म्हणून. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्याला स्पर्श मानतच नाही. डबे धुतले, पत्रंसुद्धा वाफवली, पण टाकीची झडप वाफेने बिघडते म्हणून ती तशीच आत गेली. मी शनिवारी पहिला श्वास घेतला, नळीचं तोंड बाहीला पुसलं आणि टाकी खिडकीत ठेवली. टाकी चालते ना हे बघायला पुढचा श्वास तात्यांनी घेतला.

"पण मी आजारी नाहीये," मी म्हणाले.

तात्यांनी सावकाश, थांबत थांबत समजावलं. लस शरीराला जंतूची ओळख करून देते. मग शरीर प्रतिपिंडं (तो जंतू ओळखून त्याला धरणारे पहारेकरी) तयार करतं. जंतू आला की ते त्याला छातीपर्यंत पोचू देत नाहीत. पण नाकातोंडाच्या उंबऱ्यावर तो काही दिवस तग धरू शकतो. अशा माणसाला लक्षणहीन वाहक (जंतू बाळगणारा, पण आजारी न दिसणारा) म्हणतात. लस घेतलेल्यांत हे कमी वेळा होतं आणि थोडे दिवस टिकतं, पण होतं.

"आता सांग, तुझ्याकडे तो कुणाकडून आला?"

उत्तर मला माहीत होतं. उत्तर होतं दुर्वा खवणेकर.

दुर्वा माझी टाक्या भरण्याच्या कामातली जोडीदार आणि सगळ्यात जवळची मैत्रीण. तिच्या वडिलांनी, भाईंनी, तिला लस देऊ दिली नव्हती. ते मालाच्या बोटींच्या तळाला पत्रे जोडायचं काम करतात. दुर्वाच्या दादाला लहानपणी एका इंजेक्शननंतर ताप चढून फीट आली होती. पुढे तो ठणठणीत झाला, पण भाईंच्या मनातून ती फीट गेली नाही. आईने मला दुर्वाला भेटायची बंदी घातली. मी दुर्वाला स्वार्थी म्हणाले, ती मला भित्री म्हणाली, आणि तीन आठवडे आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

मला करमेना. शेवटी मीच तिला टाक्यांच्या खोलीत चोरून बोलावलं. लस घेतलीय, काय व्हायचं ते मला होईल, माझं मी बघीन, असं मला वाटलं. दुर्वाचा घसा जरा बसला होता. आम्ही आमच्या पद्धतीने भांडण मिटवलं: तिच्या टाकीतून मी श्वास घेतला, माझ्या टाकीतून तिने. त्यानंतर तीन दिवसांनी मी तात्यांची टाकी भरली.

सांगितलं तर दुर्वाचं घर बंद होणार आणि ती मला कधी माफ करणार नाही. नाही सांगितलं तर खोकला पुढच्या दारात जाणार. ध्वनियंत्रातून घरघर ऐकू येत होती. मी दुर्वाचं नाव सांगितलं.

दुर्वाच्या घराला पिवळी पट्टी लागली. तिथून माझ्यासाठी एकच चिठ्ठी आली. 'तूच बोलावलं होतंस.' ते खरंच होतं, म्हणून मी खूप रडले.

तात्या नऊ दिवस श्वासयंत्रावर होते. त्या नऊ दिवसांत मी रोज त्यांच्या काचेबाहेर बसले. दहाव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि काचेवर बोटाने पाच रेघा ओढल्या. ते खुणेने आणि तुटक शब्दांनी सांगू लागले. मळभतापाचा एक रोगी साधारण पाच जणांना आजार देतो. पाचांतल्या चौघांना लस असेल, तर बहुधा एकालाच तो मिळतो आणि आजार लंगडत पुढे जातो. पाचही जण सुरक्षित असतील तर तो तिथेच संपतो. याला सामूहिक प्रतिकारशक्ती (अनेकांच्या अंगातल्या पहाऱ्यामुळे सगळ्यांना मिळणारं संरक्षण) म्हणतात. ज्याच्या अंगात स्वतःचा पहारा नाही, तो बाकीच्यांच्या पहाऱ्यावर जगतो.

"मला वाटलं, धोका फक्त माझा आहे," मी म्हणाले.

"बऱ्याच शहाण्यांना तसंच वाटतं," तात्या म्हणाले. मग मला कुशीत घेता येत नाही म्हणून त्यांनी काचेवर तळहात टेकवला.

दुर्वा बरी झाली. पण महिन्याभरात मालाच्या बोटीवरून तापाचं थोडं बदललेलं रूप आल्याची खबर आली. त्यासाठी नवी लस होती. त्या दुपारी भाई एकटेच तात्यांच्या काचेसमोर येऊन उभे राहिले. मी तिथेच होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"तात्यांनू, माका खरा सांगा. माझ्या चेडवाक फीट येतली काय?"

तात्यांनी खुर्ची काचेजवळ ओढली. मग म्हणाले, "ताप येईल कदाचित. तापाने फीट सहसा अगदी लहान मुलांना येते, दुर्वा अकराची आहे. येण्याची शक्यता फार फार कमी. पण येणारच नाही असं मला माहीत नाही, भाई. आजाराने मात्र काय होतं ते मी भोगलंय."

भाई म्हणाले, "माझ्या झिलाक फीट इली तेव्हा सगळ्यांनी माका वेड्यात काढलो. 'म्हायत नाय' म्हणणारो डॉक्टर पयल्यांदाच बघलंय मी."

दुसऱ्या दिवशी दुर्वाने लस घेतली, आणि भाईंनीही. संध्याकाळी दुर्वाला ताप आला. भाई नळीत येरझाऱ्या घालू लागले. तात्या आपल्या घुमटातून, पडद्यावर, तिच्या तापाचे आकडे ऐकत होते. आता ते अशा लसीवर काम करणार होते, जी नाकातच पहारा बसवेल, म्हणजे जंतू उंबऱ्यावरही टिकणार नाही.

मी दुर्वाच्या दाराबाहेर बसले होते. दार थोडं उघडलं आणि दुर्वाने डोकं बाहेर काढलं.

"मी अजून तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आत ये. बाबा दर पाच मिनिटांनी ताप मोजतायत आणि आकडा चुकीचा वाचतायत."

मी आत गेले, माझ्यामागून भाई आले. दुर्वाचा हात तव्यासारखा तापला होता. मी दर अर्ध्या तासाने आकडा वाचत गेले आणि भाई तो मोठ्याने म्हणत गेले. रात्री आठ वाजता ताप उतरायला लागला.