‘आल्या’ असं लिही

पटो न पटो, हे घडलंय. माझी धाकटी बहीण सरू त्याच खोलीत होती.

हडपसरमधलं म्हाताऱ्या माणसांचं केअर सेंटर. गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार.

सरू तिथं आजी-आजोबांचं न्हाणं-खाणं बघते. नुकतेच कागद बंद होऊन टॅब आले होते. आपण बोलायचं, टॅब लिहून घेणार.

सरू टॅबला म्हणाली, “यमुनाबाई गेल्या…”

‘अंघोळीला’ म्हणायच्या आत तिला ठसका लागला.

टॅबनं तेवढंच धरलं. नाव बंद. त्यांच्या मुलाला, तेजसला, मोबाईलवर निरोपही गेला.

यमुनाआजी न्हाऊन आल्या, तर नम्रता सिस्टर फोनवर त्याची माफी मागत होती.

“मारलंस होय गं मला, सरू?” आजी हसल्या. “तेराव्याला बासुंदी करा हो. श्रीखंड मला बाधतं.”

मग हसू आवरून टॅबकडे बोट केलं.

“आता ‘आल्या’ असं लिही. ‘गेल्या’ तसंच ठेवू नये.”

सरूनं टॅब तोंडाशी धरला. “यमुनाबाई आल्या.”

टॅबवर उमटलं… नाव सापडत नाही.

“आजी, उद्या कंपनीचा माणूस येऊन नाव उघडेल,” सिस्टर म्हणाली.

“आणि तोवर मी कुठं राहू?”



संध्याकाळी आजी पलंगावर टेकेनात. स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारख्या दाराशी उभ्या.

“येते हं, आजी,” सरू निघताना म्हणाली. ‘जाते’ कुणी म्हणतं का? रोज आजी म्हणायच्या, “ये.”

त्या दिवशी नुसत्या बघत राहिल्या.

सकाळी आजी गेल्या. खरंच गेल्या.

दोन-चार दिवसांनी, दुपारीच, सरू ती रिकामी खोली पुसत होती. टॅब पलंगावर. खोलीत चिटपाखरू नाही…

टॅब उजळला.

यमुनाबाई आल्या.

नम्रता सिस्टर फोन घेऊन धावत आली. तोंड पांढरंफटक. “सरूमावशी, तेजस विचारतायत… आई आली म्हणजे काय? त्यांनाही हाच मेसेज गेलाय.”

पुढं कंपनीचा माणूस म्हणाला, बंद नावावर काही लिहिताच येत नाही.

त्या दुपारी मात्र सरू बादली तिथंच टाकून निघाली. पण सवय वाईट. उंबऱ्यात तोंडातून निसटलंच, “येते हं…”

आणि मागून, रिकाम्या खोलीतून…

“ये.”

तेव्हापासून सरू कुठूनही निघताना बोलत नाही. परवा माझ्या घरून निघाली.

“अगं, येते म्हण की!”

तिनं नुसती मान हलवली.

लोणीला तिच्या घरी पोचल्याचा तिचा फोन येईपर्यंत मी दारातून हललो नाही.