कालची पाहुणी

नवस बोलताना माणसाने शब्द मोजून बोलावेत. टकळीला मोजून बोलणं कधी जमलंच नाही.

टकळी हे तिचं शाळेतलं नाव, बोलायला लागली की थांबायची नाही म्हणून बाईंनी ठेवलेलं. शेजारी बसणारी मैत्रीण तितकीच गप्प, ती घुमी. लग्नं झाली, केस पिकले, पण एकमेकींसाठी नावं तीच राहिली. घुमी नवऱ्यामागे परदेशी गेली. ज्या शहराचं चित्र बिस्किटांच्या डब्यांवर असतं, त्या शहरात. तिथल्या एका जुन्या नाट्यगृहाचा कपडेपट तिने तीस वर्षं सांभाळला. मग नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा टकळीने देवापुढे हात जोडले. "हिला उठून बसव. माझा साठावा वाढदिवस हिच्याच घरी करीन. आणि माझ्या उंबऱ्यापासून हिच्या उंबऱ्यापर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही."

घुमी उठून बसली. आता नवस फेडणं आलं.

"आई, दोन दिवस तुम्ही बोलणार नाही?" सुनेने हसू दाबलं. "घराला सवय नाही हो. भिंती आजारी पडतील."

"पडू देत. घुमी मावशीला घेऊनच येते, मग आम्ही दोघी बघू त्यांच्याकडे. तिची खोली तेवढी झाडून ठेव," टकळी म्हणाली, आणि उंबरा ओलांडताच तिने ओठ मिटले.

मुलाने तिकडच्या भाषेत एक कार्ड छापून दिलं होतं: बाईंचं मौन आहे, कृपया या पत्त्यावर पोचवा. घुमी मावशीलाही त्याने फोन करून सांगितलं होतं, "आई येईल, पण बोलणार नाही. राग मानू नका." मौन कुठवर, ते मात्र सांगायचं राहून गेलं.

वाटेत विमान बदलायचं होतं, तिथे बर्फाने अडवलं. एक अख्खा दिवस टकळी विमानतळावरच्या खुर्चीत बसून होती. आजूबाजूला शेकडो माणसं, आणि बोलायचं कुणाशीच नाही. घुमी कशी जगत असेल, ते तिला त्या दिवशी थोडंसं कळलं. मुलगा निरोप पाठवत राहिला: घुमी मावशीचा फोन लागत नाही.

घुमीच्या शहरात विमान उतरलं ते वाढदिवसाच्या दिवशीच, दुपारी साडेचारला. तिकडे हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येतं. टॅक्सीवाल्याने कार्ड वाचलं, मान तुकवली आणि तोही मुकाट झाला. पूल गेले, नदी गेली, डब्यावरचा तो उंच मनोराही गेला. टकळीने धड पाहिलं नाही. चिंचोळ्या गल्लीत एका घराखाली तो थांबला. जाळीच्या दाराची लिफ्ट कण्हत चौथ्या मजल्यावर आली. जिन्यावर ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता.

घुमीने दार उघडलं. वाळली होती, पण डोळे तेच.

"आलीस? मला वाटलं सहाला येशील," ती म्हणाली. "किल्ली दिली होती ना तुला?"

टकळीने उंबरा ओलांडला आणि दोन दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "अगं घुमे, कसली किल्ली? विमानतळावर लटकले होते मी कालपासून! आत्ता येतेय. किती वाळलीस गं!"

घुमी एक पाऊल मागे सरली.

"आत्ता येतेयस...? तू काल आलीस."

"काल?"

"काल साडेचारला. एक शब्द बोलली नाहीस. मी म्हटलं, नवस आहे. पाणीसुद्धा प्यायली नाहीस, तेही म्हटलं, उपास असेल."

ऑपरेशननंतर हिचं डोकं जरा हललं असेल, टकळीच्या मनात आलं. ती मायेने हसली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेली. गादीला हात लागला आणि तो तिने झटकन मागे घेतला. गादी ओलीचिंब होती, बर्फासारखी गार. टेबलावर दोन कप होते. एक रिकामा. दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. टेलिफोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला.

"तो तूच काढून ठेवलास," घुमी हळूच म्हणाली.

दाराशी एक बॅग भरून तयार होती.

"ही कशाला?"

"रात्रभर तू त्या खुर्चीत बसलीस. मी खूप बोलले गं. जन्मात कधी बोलले नसेन एवढं. तू नुसती बघत होतीस. मग मी विचारलं, मला घेऊन जाशील का इथून? तू मान हलवलीस." घुमीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी उठलीस. न्यायला कधी येशील विचारलं, तर घड्याळाकडे बोट दाखवलंस. सहा. तुझ्या वाढदिवसासाठी शिवलेला लोकरी कोट मी तुझ्या अंगात घातला, किल्ली हातात दिली. नाट्यगृहातल्या जुन्या पोशाखांची सहा बटणं लावली होती त्याला, सहाही निराळी. राणीचं, शिपायाचं..."

घड्याळात सहाला पाच कमी होते.

टकळीने जाऊन दाराला आतून कडी लावली. कडी नीट बसली की नाही, ते तिने दोनदा पाहिलं. तेवढ्यात खाली लिफ्टचं जाळीचं दार आपटलं.

लिफ्ट कण्हत वर येऊ लागली. पहिला मजला. दुसरा. तिसरा. ओल्या लोकरीचा वास दाराखालून आत शिरला. मग कुलपात किल्ली फिरली, सावकाश, घरच्या माणसाने फिरवावी तशी. दार अर्धं बोट हललं आणि कडीवर अडलं.

घुमी दाराकडे निघाली. "तूच आहेस बाहेर..."

"मी इथे आहे, घुमे."

"काल किती शांत वाटलं मला. काही दुखलंच नाही." तिने बॅग उचलली. "सोड. तिने मान हलवली होती. मला न्यायला कुणीतरी आलंय."

टकळीने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. काय करावं ते सुचेना. देवाचं नावही आठवेना. मग तिला जे येत होतं तेच तिने केलं. ती बोलू लागली.

"चौथीत तू माझी पेन्सिल चावली होतीस आणि नाव घेतलंस उंदराचं! आठवतं? मी वर्गभर उंदीर शोधला. माझ्या लग्नात तू रडलीस आणि सांगितलंस, कांदा चिरत होते. कसला कांदा? आचारी होते चार! तुझ्या पत्रांत नेहमी दोनच ओळी, आणि मी त्या आठवडाभर वाचायची. सुनेने तुझी खोली झाडून ठेवलीय. खिडकीला पडदा नाही अजून, तो तू शिवायचा. मला शिवता येत नाही, फुकट नाही नेत मी तुला..."

किल्ली पुन्हा फिरली. पुन्हा. टकळीचा घसा सुकला तरी ती थांबली नाही. पाढे म्हटले, शेजारणींची भांडणं सांगितली, सुनेचं कौतुक केलं, वर तिची तक्रारही केली. दाराकडे तिने पाहिलं नाही. घुमीच्या डोळ्यांकडेच पाहत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे, शेवटी घुमीच्या हातातली बॅग खाली टेकली.

"टकळे," ती रडत रडत हसली, "किती बोलतेस गं."

बाहेर पावलं वाजली. लिफ्ट खाली गेली.

त्यानंतर आठ दिवस दोघी एकमेकींना सोडून हलल्या नाहीत. कुलूप बदललं, सामान बांधलं, घरमालकाचा निरोप घेतला. विमानात घुमी खिडकीशी बसून ढग बघत होती. गालांवर जरा रंग आला होता. नवस फळाला आला, असं टकळीला वाटलं, आणि तिने डोळे मिटून हात जोडले.

घरी पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुनेने दार उघडलं, घुमीला पाहून तिचा चेहरा फुलला. मग तिची नजर टकळीवर गेली आणि हसू तसंच थिजलं.

"आई...? तुम्ही परत कधी बाहेर गेलात?"

"परत म्हणजे?"

"सकाळी एकट्याच आलात की. बोलेनात, जेवेनात. मला वाटलं, मौन संपलं नाही अजून. मावशी कुठे विचारलं तर..." सुनेने मागे वळून पाहिलं. "घड्याळाकडे बोट दाखवलंत."

दारामागच्या खुंटीवर एक ओला लोकरी कोट टांगला होता. त्याला सहा बटणं होती, सहाही निराळी. पलीकडे, घुमीसाठी झाडून ठेवलेल्या खोलीत दिवा लागला होता, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

भिंतीवरच्या घड्याळात सहाला दहा कमी होते. टकळीने घुमीचा हात धरला, ओठांवरून जीभ फिरवली आणि बोलायला सुरुवात केली.